कोष्ट्याची गाठ

सहामा गाव, बोलिव्हिया
३ जून १९७९

सेवेरोनं माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि मला कड्यावरून मागे ढकललं. दोर ताणला गेला. मी दोन हात खाली जाऊन थांबलो. पाय हवेत, तोंडात रेती. वरून वाकून त्यानं विचारलं, कसं वाटतं. मी मराठीत शिवी दिली. ती त्याला कळली असावी, कारण त्यानं मला आणखी एक हात खाली सोडलं.

ईश्वर, हे लिहितानाही खांदे दुखून राहिले आहेत. असा सराव आता दर रविवारी आहे.

पाच महिने आम्ही इथे जमिनीतल्या गरम पाण्याची पाहणी करतो आहोत. छावणीच्या डोक्यावर एक ज्वालामुखी आहे. हजारो वर्षांत तो पेटलेला नाही, वर सगळा बर्फ. सहामाच म्हणतात त्यालाही. सहा हजार पाचशे बेचाळीस मीटर. तुझ्या भाषेत एकवीस हजार चारशे त्रेसष्ट फूट. वर्षाला चढणाऱ्यांची एखादी टोळी येते, कधी तीही येत नाही. सेवेरो इथलाच, चाळिशीचा. परदेशी लोकांना घेऊन नऊ वेळा वर गेलेला आहे. एप्रिलमध्ये मी त्याला म्हटलं, मला ने. त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, ऑगस्ट.

पाच ऑगस्टपासून छावणीला आठवड्याची सुटी आहे. तेव्हा निघू. तो आणि मी, दोघंच. वायव्येच्या धारेवर बर्फाची एक उभी घळ आहे. बुटांना खिळ्यांची पट्टी बांधून, दोन्ही हातांत कुदळी घेऊन ती चढायची. उतरताना दोन दोर एकमेकांना जोडायचे आणि त्यावरून खाली यायचं.

आता काम. सेवेरो दोर जोडायला एक जाड गाठ मारतो. माझा तिच्यात दर वेळी घोटाळा होतो. काल त्यानं दोन टोकं माझ्या हातात दिली आणि बोटांनी आपसूक आपली गाठ मारली. मागावर तुटलेला धागा सांधायची, ती. त्यानं पाहिली नाही. मीच सोडून टाकली. मग आठवलं, हिमालयात चढाईच्या अभ्यासक्रमाला गेलास तेव्हा तू तिथल्या उस्तादांना हीच गाठ शिकवली होतीस. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण महालातल्या आपल्या गल्लीत ती अजून सांगतात.

तर सांग, तीच मारू का? तू हे केलेलं आहेस. दुसऱ्या कोणाला मी विचारू शकत नाही.

आईला कार्ड टाकलं आहे, एक फोटोही. म्हणजे सगळ्या गल्लीला कळलंच असेल.

वसंत

*

महाल, नागपूर
२२ जून १९७९

तुझं पत्र बुधवारी आलं. तू आत्याला टाकलेलं कार्ड त्याच्या दोन दिवस आधी आलं होतं. ते घेऊन ती घरोघर फिरली. आमच्याकडे शेवटी आली, कारण आमच्याकडे तिला बसायचं होतं.

समोरचे भैय्याजी रंगारी तुला आठवत असतील. हात अजून कोपरापर्यंत निळेच आहेत. त्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, तुझं शिखर किती फुटांचं होतं. मी म्हटलं, साडेअठरा हजार. त्यांनी बोटांवर वजाबाकी केली. "म्हणजे हिमालय, तू तीन हजारानं खाली राहिला गा." मला इथे अजून हिमालय म्हणतात. परवापासून ते नाव घेताना लोक थोडे हसतात.

फोटो पाहिला. टोपी चांगली आहे.

गाईड घेऊन चढणं वेगळं असतं. दोर तो बांधतो, वाट तो काढतो, चहा तो उकळतो, कुठे थांबायचं ते तो सांगतो. आपण त्याच्या मागे चालायचं. ते कमी आहे असं मी म्हणत नाही. आमच्या वेळी तसं नव्हतं, एवढंच. पाणी भरपूर पी. ओले मोजे घालून झोपू नको. डोकं दुखायला लागलं तर लपवू नको, खाली ये. खाली येण्यात लाज नाही.

रविवारी आपल्या गिर्यारोहण मंडळाची पोरं घेऊन रामटेकच्या कातळावर गेलो होतो. सारी तुझ्याबद्दलच विचारत होती. ज्वालामुखीच्या तोंडात आग दिसते का, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, मी ज्वालामुखी चढलेलो नाही, वसंतला विचारा.

गाठीचं विचारलंस. आपलीच मार. उस्तादांनी माझ्याकडून दोनदा शिकून घेतली होती. यात विचारायचं काय आहे?

ईश्वरदास

*

महाल, नागपूर
२४ जून १९७९
(हे पत्र तेव्हा टाकलं नाही.)

वसंत,

परवा मी तुला खोटं लिहिलं.

अभ्यासक्रमाच्या एकोणिसाव्या दिवशी आम्हाला बर्फाच्या भिंतीवर नेलं. उस्ताद म्हणाले, दोन दोर जोडा. सगळ्यांनी शिकवलेली गाठ मारली. माझ्या बोटांनी आपली मारली. तुझ्यासारखंच झालं. मी ती बदलली नाही, कारण मला ती चांगली वाटली. उस्तादांनी माझा दोर उचलला, सैल धरून तीनदा झटकला. गाठ उघडली. दोन्ही टोकं बर्फावर पडली. ते म्हणाले, "ये साडी की गाँठ है. इससे आदमी नहीं लटकता." अडतीस जण हसले.

आपला धागा सुती. त्याला खळ लावलेली असते, आणि मागावर तो सतत ताणात असतो. म्हणून गाठ धरते. नायलॉनचा दोर गुळगुळीत असतो. ताण गेला, दोर हलला, की ती आपोआप उकलत जाते. हे मला तेव्हा कळलं. लहान पोरालाही कळेल.

मला शिखरावर नेलं नाही. बाकीचे गेले, मी बेस कँपवर तंबू राखले आणि बटाटे सोलले. तीन दिवस. ते परत आल्यावर एकाची कुदळ घेऊन फोटो काढला. वाचनालयात आहे तोच.

स्टेशनवर बाबांनी विचारलं, काय शिकवलं. मी म्हटलं, मीच त्यांना शिकवलं, आपली गाठ. ते हसले. बाबांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीला माहीत झालं होतं. मग शिखरही सांगावं लागलं.

हे तुला परवाच लिहायचं होतं. कुसुमावती म्हणाली, "वसंतभाऊंचं पत्र आल्यापासून काहून जळून राहिले तुम्ही?" मी तिच्यावर ओरडलो. मग बसलो आणि लिहिलं, आपलीच मार. त्या सेवेरोनं तुझा दोर झटकावा आणि हसावं, असं मला वाटत होतं. त्यापुढचा विचार मी केला नव्हता. काल केला. तो झटकून पाहणार नसेल तर काय, हे काल सुचलं.

तुला काही व्हावं असं मला वाटत नाही. तू चढावंस असंही वाटत नाही. या दोहोंच्या मध्ये जागा फार थोडी आहे आणि मी तिथे बसलो आहे.

हे पत्र पोचलं तर तू आत्याला लिहिशील. मुद्दाम नाही, सहज. तिला कळलं की सगळ्यांना कळलं. मग मी इथे कोण?

*

महाल, नागपूर
२ जुलै १९७९

गाठीबद्दल मागे लिहिलं ते धरू नको. सेवेरोची जी काय जाड गाठ आहे ती नीट शीक आणि तीच मार. नायलॉनचं वेगळं असतं म्हणतात.

बाकी ठीक. आत्याचा खोकला बरा आहे.

ईश्वरदास

*

सहामा गाव
२० जुलै १९७९

तुझी दोन्ही पत्रं एकाच थैलीतून आली. आधीचं आधी वाचलं. त्यात लिहिलंस, आपलीच मार. दुसऱ्यात लिहिलंस, मारू नको. मध्ये दहा दिवस. दहा दिवसांत गाठ तर बदलली नसेल. जळून राहिला का गा?

रागावू नको. मला ते ओळखता येतं, कारण मी दहा वर्षं तेच केलं आहे. त्या वर्षी कॉलेजमधून नावं दोन गेली होती आणि जागा एक होती. तुझं नाव लागलं. मामांनी पेढे आणले. मला दोन दिले, एक तुझा आणि एक माझा म्हणून. मी ते खाल्ले. तू परत आलास तेव्हा स्टेशनवर मीही होतो. तू गाठीचं सांगितलंस आणि मामा हसले. मी त्यांच्या घरात वाढलो, त्यांच्या मागावर बसलो, त्यांची गाठ मलाही तितकीच येत होती. पण माझ्याकडे पाहून ते तसे हसले नव्हते. पुढे मी वाचनालयात पेपर वाचायला जायचं सोडलं. तुला वाटलं, अभ्यासामुळे. तो फोटो नेमका पेपरच्या टेबलासमोर होता.

हे आज लिहिता येतं, कारण पंधरा दिवसांनी मी वर जाणार आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

तेव्हा दोर मी आपल्याच गाठीनं जोडणार. तू उस्तादांना शिकवलीस, मी एकवीस हजारावर मारीन. तुझ्या नावाला धक्का लागत नाही, उलट त्याला जोड मिळते. तरी तुला तेवढंही द्यावंसं वाटत नाही, याचं मला हसू आलं. सेवेरोला सांगून ठेवलं आहे, जोड माझा. तो म्हणाला, बघू. तो सगळ्यालाच बघू म्हणतो.

तयारी चांगली आहे. मागच्या रविवारी घळीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. बर्फ निळा आहे आणि काचेसारखा वाजतो.

टपालाचा ट्रक चार ऑगस्टला जाईल, त्यानंतर एकदम अठराला. घाईचं काही असलं तर ला पाझ शहरातल्या आमच्या कचेरीत तार कर. ते संध्याकाळी वायरलेसवर वाचून दाखवतात.

वसंत

*

तार
नागपूर, ४ ऑगस्ट १९७९
(मूळ इंग्रजी)

आपली गाठ उघडते. माझी उघडली होती. मी शिखर कधीच चढलो नाही. सेवेरोचीच मार. ईश्वरदास

*

महाल, नागपूर
५ ऑगस्ट १९७९

वसंत,

तार मिळाली की नाही ते मला माहीत नाही. हे पत्र वाचशील तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो. सोबत २४ जूनचं पत्र आहे. ते धोतराच्या घडीत ठेवलं होतं. ते आधी वाच.

तुझं पत्र काल दुपारच्या डाकेनं आलं. कॅलेंडर पाहिलं. नुसतं मारू नको म्हणून पुन्हा तार केली असती तर तू पुन्हा हसला असतास. तुझ्या जागी मीही हसलो असतो. कारण दिल्याशिवाय तू ऐकणार नव्हतास, आणि कारण एकच होतं.

आपल्या चौकातल्या तारघरात गेलो. स्टेशनजवळच्या मोठ्या तारघरात जाता आलं असतं, तिथे मला कोणी ओळखत नाही. गेलो नाही. वेळ वाचावा म्हणून, असं लिहिलं तर तेही खोटं होईल.

खिडकीवर गणपतराव होते. परदेशी तार म्हणून त्यांनी एकेक शब्द मोठ्यानं वाचून पेन्सिलीनं खूण केली. तिसऱ्या वाक्यावर थांबले. चष्मा काढून म्हणाले, "इथं नेव्हर लिहिलं हाये. बरोबर हाये काय?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला आणि खूण केली. माझ्यामागे तिघं जण उभे होते. एक भैय्याजी, मनिऑर्डरचा फॉर्म घेऊन. फॉर्म तसाच हातात घेऊन गल्लीपर्यंत माझ्याबरोबर चालत आले, मग परत तारघराकडे वळले.

घरी कुसुमावतीला सांगितलं. ती भाकरी करत होती. म्हणाली, "मले माहीत होतं." मी विचारलं, कधीपासून. तर म्हणाली, लग्नाच्या वर्षापासून, मी बर्फाबद्दल कधी नीट बोलत नाही म्हणून. सात वर्षं तिनं दुसऱ्या बायकांना माझं शिखर सांगितलं आहे.

आज रविवार. रामटेकला गेलो नाही. मंडळाची पोरं बोलवायला आली नाहीत.

तू सुखरूप आहेस एवढं कळव. तारेनं कळव.

ईश्वरदास

*

तार
ला पाझ, १० ऑगस्ट १९७९
(मूळ इंग्रजी)

सुखरूप. पत्र येतं आहे. वसंत

*

सहामा गाव
११ ऑगस्ट १९७९

ईश्वर,

तुझी तार सात तारखेला इथे आली. तेव्हा मी वर होतो. नऊला खाली उतरलो तर छावणीच्या खानसाम्यानं कागद हातात दिला. बूट न काढता वाचला. मग बूट काढले आणि पुन्हा वाचला.

सगळं क्रमानं सांगतो.

पाचला निघालो. सहाला धारेवर तंबू ठोकला. सेवेरोनं दारूचे चार थेंब डोंगराला दिले आणि एक घोट मला. सातला पहाटे घळीत शिरलो. तो पुढे, चाळीस मीटर वर जाऊन थांबायचा, दोर खेचून धरायचा, मग मी. उजवी कुदळ, डावी कुदळ, उजवा पाय, डावा पाय. माग चालवल्यासारखंच, फक्त दर चार ठोक्यांनी दम संपतो. घळ संपली तेव्हा सूर्य आला होता. मला वाटलं, झालं.

पुढे बर्फाची पाती होती. कमरेएवढी, कुठे छातीएवढी, एकाला एक चिकटून उभी, हजारो. मागाच्या फणीचे दात वर करून ठेवावेत तशी. प्रत्येक पातं ओलांडायचं, नाहीतर फोडायचं. शिखर समोर दिसत होतं. तासाभरात आम्ही शंभर पावलं गेलो नसू. दुपारी एक वाजता सेवेरो थांबला. म्हणाला, आता खाली. मी म्हटलं, ते काय, दिसतं आहे. तो म्हणाला, दिसतं तर परवा गावातूनही होतं. मी म्हटलं, मी जातो. तो बर्फावर बसला. म्हणाला, जा, दोर माझ्याकडे राहील.

मी उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. रडलो असेन. कंपनीचं उंची मोजायचं यंत्र सहा हजार तीनशे चाळीस दाखवत होतं. दोनशे मीटर राहिले. मग वळलो.

घळीच्या तोंडाशी त्यानं दोन्ही दोरांची टोकं माझ्या हातात दिली. म्हणाला, जोड तुझा. त्याच्या लक्षात होतं. हातमोजे काढून मी आपली गाठ मारली. बोटं बधीर होती, तरी पहिल्या खेपेला बसली. त्यानं ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली. मग अंगठ्यानं एक बाजू मागे ढकलली. गाठ उघडली. तो म्हणाला, "माझी आई हीच मारते. लोकरीला." मग त्यानं आपली जाड गाठ मारली, तिच्यावर आधी स्वतःचं वजन टाकून पाहिलं, आणि मला म्हणाला, उतर.

तो हसला नाही. खाली येईपर्यंत आईबद्दल सांगत होता. ती जमिनीत चार खुंट्या ठोकून त्यावर विणते, उभ्या धाग्यांचा ताणा कमरेला बांधून नाही, खुंट्यांनी ताणलेला. काल तिच्याकडे गेलो होतो. तिनं माझी बोटं पाहिली. मला एक तुटका धागा सांधायला दिला. मी सांधला. तिनं ओढून पाहिला आणि पुढे विणत बसली.

म्हणजे तुझ्या तारेशिवायही मी जगलोच असतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

आता जे लिहायचं आहे ते. ट्रक चारला जाणार होता आणि पुढचा अठराला. आईला दोन आठवडे वाट बघावी लागू नये म्हणून मी तीन तारखेलाच कार्ड लिहिलं आणि ट्रकमध्ये दिलं. 'आई, शिखरावर जाऊन आलो. हवा स्वच्छ होती. तुझा वसंत.' मला खात्री होती. आता ते कार्ड वाटेवर आहे. तुला हे पत्र मिळेल त्याआधी ते तिला मिळालेलं असेल.

खाली आलो आणि तुझी तार वाचली. 'मी शिखर कधीच चढलो नाही.' तू ते तारघरातून पाठवलंस. मी माझं लिफाफ्यातही लिहू शकत नाही. चार वेळा बसलो. आईला तू सांग. लोक म्हणतील, हा जळतो. आई तसं म्हणायची नाही.

वसंत

*

महाल, नागपूर
५ सप्टेंबर १९७९

तुझं पत्र आज दुपारी आलं.

आधी इथलं सांगतो. कार्ड चोवीस तारखेला आलं. आत्यानं पेढे वाटले. या वेळी सगळ्यांत आधी आमच्याकडे आली. पेढा माझ्या हातावर ठेवला. माझी तार तोवर सगळ्यांना कळून तीन आठवडे झाले होते. गणपतीच्या मांडवात आरतीनंतर माइकवरून तुझं कार्ड वाचलं. हवा स्वच्छ होती, यावर टाळ्या पडल्या. मी मागे खांबाशी उभा होतो. भैय्याजींनी मला पुढे बोलावलं. म्हणाले, "ये ना गा, तुहा भाऊच हाये." मला हिमालय म्हणाले नाहीत. आता कोणीच म्हणत नाही. ईश्वरदास म्हणतात. स्वतःचं नाव ऐकायची सवय राहिली नव्हती, पहिल्या दिवशी मी दोनदा ओ दिली नाही.

वाचनालयात तुझा टोपीवाला फोटो लावला आहे. माझा काढला. खिळा एकच होता.

मंडळ चालू आहे. रविवारी सात जण रामटेकला गेले असं कळलं. तुझ्याच नावानं नारळ फोडला. दोर माझा होता, तो त्यांनी माझ्याकडून मागून नेला आणि धुऊन परत दिला.

तर अशात तुझं पत्र आलं. माग थांबवून वाचलं. तू वळलास तिथे आलो आणि मला आनंद झाला. ते लपवत नाही. उभा राहिलो, दोन फेऱ्या मारल्या. मग मीटरचे फूट केले. वीस हजार आठशे. तू मागे फिरलास ती जागा माझ्या खोट्या शिखरापेक्षाही दोन हजार तीनशे फूट उंच निघाली. मी खरा पोचलो होतो तो बेस कँप तर साडेबारा हजारांवर होता. पुन्हा खाली बसलो.

मग गाठीचं वाचलं. तो हसला नाही, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. तुझ्या उंचीचं मला इतकं वाटलं नाही, जितकं याचं वाटलं. तीच गाठ, तशीच उघडली, आणि तुला त्यानं त्याच्या आईकडे नेलं. माझ्या उस्तादाची आई विणत नव्हती. कुसुमावतीला वाचून दाखवलं तर म्हणाली, आता यावरूनही जळणार काय. मी म्हटलं, हो.

तुझं काम माझ्याकडे आलं आहे. दुपारपासून पत्र खिशात आहे. मांडवात जाऊन माइकवरून वाचावं, असंही मनात येऊन गेलं. आज तिथे शेवटची आरती आहे, सारे जमतील. भैय्याजी वजाबाकी करतील. माझा खिळा मला परत मिळणार नाही, पण तुझाही राहणार नाही. मी सदरा घालून दारापर्यंत गेलो. कुसुमावतीनं विचारलं, कुठे. मी सदरा काढून ठेवला.

तू म्हणतोस, तुला लिहवत नाही. मला दहा वर्षं लिहवलं नाही. आत्याला सांगणं तुझं होतं. ते तू माझ्यावर टाकलंस, जसं मी गाठीचं तुझ्यावर टाकलं होतं. पण तुझं कार्ड अजून बारा दिवसांचंच आहे. तेवढ्यात सांगून टाकलेलं बरं. पुढे शिखराखाली बर्फ कसा होता, वारा कसा होता, हे सारं रचून सांगावं लागतं.

उद्या सकाळी जाईन. काय झालं ते खाली लिहून हे पत्र टाकतो.

६ सप्टेंबर

सकाळी सात वाजता आत्याकडे गेलो. ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तुझं पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तिनं चरखा थांबवला नाही. झाल्यावर विचारलं, "बोटं सारी शाबूत हायेत ना त्याची?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग कोणाले सांगू नोको गा. तुले सहन झालं. त्याले नाही व्हाचं." मी बरं म्हटलं. तिनं चहा दिला, तो घेतला. आठ वाजता घरी येऊन मागावर बसलो.

ईश्वरदास